बागेत उभ्या असलेल्या जुन्या कबूसचा इतिहास कसा शोधावा

अमेरिकेतल्या कित्येक लहान गावांत, जुन्या रेल्वे स्थानकाशेजारी किंवा सार्वजनिक बागेच्या कोपऱ्यात, रुळांच्या एका छोट्या तुकड्यावर लाल किंवा पिवळ्या रंगाचा एकच डबा उभा असलेला दिसतो. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कठड्याचे ओटे असतात आणि बहुतेक वेळा छपरावर काचांची एक लहानशी खोली उठलेली असते. हा कबूस, म्हणजे मालगाडीच्या अगदी शेवटी लागणारा कर्मचाऱ्यांचा डबा. आपल्याकडच्या गार्डाच्या ब्रेकव्हॅनचा तो अमेरिकी भाऊबंद म्हणता येईल, मात्र तिथे कंडक्टर आणि ब्रेकमन त्यात केवळ बसत नसत. शेगडीवर स्वयंपाक करत, फळ्यांवर झोपत आणि घरापासून दूर असताना त्यातच राहत. तिथल्या मालगाडीचा कंडक्टर तिकिटे तपासणारा नसून सबंध गाडीचा प्रमुख असतो, हे आरंभीच लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढे जुन्या कागदांत हा शब्द वारंवार भेटतो.

1982 साली झालेल्या कामगार करारांनी कबूसशिवाय मालगाड्या चालवण्याची वाट मोकळी केली. शेवटच्या वाघिणीच्या कपलरला अडकवलेली आणि ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब बिनतारी यंत्रणेने इंजिनापर्यंत कळवणारी एक पेटी कंडक्टरच्या नजरेची जागा घेऊ लागली. त्या दशकात हजारो कबूस भंगारात निघाले, काहींची उपाहारगृहे किंवा सुट्टीची घरे झाली आणि काही गावांना देणगी म्हणून मिळाले. गावांनी ते प्रेमाने रंगवले, त्यावर जवळून जाणाऱ्या रेल्वेचे नाव घातले आणि शोभेल असा क्रमांक लिहिला. नेमक्या याच रंगामुळे पुढच्या पिढीतल्या शोधकाची दिशाभूल होते.

मी ओहायोतल्या एका छोट्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करू लागलो, तेव्हा आमच्या कबूसवरचा क्रमांक घेऊन एक अख्खा हिवाळा जुन्या याद्या चाळल्या. त्या क्रमांकाचा कबूस त्या रेल्वेकडे होता खरा, पण तो लाकडी होता आणि आमचा डबा पोलादी आहे. पहिल्याच दिवशी डब्याखाली वाकून पाहिले असते तर तो हिवाळा वाचला असता. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो आणि या लेखातले बाकी सगळे त्यातूनच निघते: बाजूवर रंगवलेला क्रमांक हा केवळ दावा मानावा, तो पुरावा नव्हे, शोध आजच्या दिवसापासून सुरू करून एकेक दुवा जोडत मागे जावे, आणि प्रत्येक दुव्याला डब्याच्या अंगावरची खूण व कागदावरची नोंद अशी दोन्हींची साक्ष मिळते का ते पाहावे.

आधी गावाचे दप्तर

कबूस गावात कसा आला, हे शोधणे सर्वांत सोपे असते आणि तरीही बहुतेक जण ते वगळून थेट रेल्वेच्या इतिहासाकडे धावतात. डबा बागेत ठेवण्यासाठी नगरपरिषदेची परवानगी लागलेली असते, म्हणून 1970 आणि 1980 च्या दशकांतली सभांची इतिवृत्ते मागवावीत. रेल्वेने डबा विकला असेल तर विक्रीपत्र आणि दान दिला असेल तर देणगीचे पत्र लिहिले गेलेले असते, आणि त्या पत्रात डब्याचा सेवेतला शेवटचा क्रमांक हमखास असतो, कारण हिशेबातून तो वजा करायला रेल्वेला तोच लागतो. हे पत्र नगरपरिषदेकडे नसेल तर त्या वेळी पुढाकार घेतलेल्या मंडळाच्या कागदांत, विम्याच्या फायलीत किंवा तेव्हाच्या पदाधिकाऱ्याच्या घरी सापडण्याचा संभव असतो.

स्थानिक वृत्तपत्राचे अंक सार्वजनिक ग्रंथालयात सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) असतात आणि त्यांत क्रेनने डबा उतरवतानाचे छायाचित्र बरेचदा मिळते. ते छायाचित्र सोन्याच्या मोलाचे आहे, कारण त्यात डबा गावाच्या रंगाआधीच्या अवस्थेत दिसतो. गावकऱ्यांनाही आवाहन करावे: डबा आला त्या आठवड्यात त्याच्यापुढे मुलांना उभे करून काढलेली छायाचित्रे अनेक घरांच्या अल्बममध्ये असतात, आणि मुलांच्या खांद्यामागे दोन-तीन आकडे वाचता येतात. एवढे आकडे पुढच्या कामाला पुरतात.

डब्याचे अंग वाचणे

यानंतर डब्याकडे वळावे आणि हे काम घाईने करू नये. चारही बाजूंची, छपराची, तळाची आणि आतल्या प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढावीत. टोकाच्या तुळईपासून टोकाच्या तुळईपर्यंतची लांबी, अंगाची रुंदी, खिडक्यांची संख्या आणि त्यांमधली अंतरे मोजून कागदावर आराखडा काढावा. खिडक्यांची मांडणी ही कबूसच्या चेहऱ्यासारखी असते. क्रमांक बदलतो, रंग बदलतो, पण खिडकी बुजवली तरी तिच्या कडेच्या रिव्हेटची रांग किंवा वेल्डिंगची रेघ मागे राहते.

घडणीवरून काळाचा ढोबळ अंदाज येतो. चारच चाकांचे आखूड कबूस विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मागे पडले. लाकडी अंगाखाली पोलादी तळचौकट दिसली तर ती नंतर घातलेली असू शकते, कारण चढावर मागून रेटा देणाऱ्या इंजिनाखाली लाकडी चौकटी चिरडल्या जात. छपरावरच्या खोलीऐवजी बाजूला पुढे आलेली खिडकी असेल तर डबा 1920 च्या दशकातला किंवा नंतरचा, आणि छपरावरची खोली अंगापेक्षा रुंद, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असेल तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा समजावा. या शेवटच्या प्रकाराचे पुष्कळ डबे ओहायोतल्या केंटन गावच्या इंटरनॅशनल कार कंपनीने बांधले.

तळाखाली शिरताना विजेरी, तारेचा मऊ ब्रश आणि खडू बरोबर घ्यावा. टोकाच्या तुळईवर, मधल्या मुख्य तुळईवर आणि बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीवर, अंगाचा भार पेलणाऱ्या आडव्या ओतीव भागावर ठोकलेले आकडे शोधावेत. लाकडी डब्यात ते तुळईच्या लाकडात कोरलेले किंवा गरम शिक्क्याने उमटवलेले असतात. आकडे गंजाने भरले असतील तर त्यावर खडू आडवा घासावा. खोलगट भाग काळा राहतो आणि आकडा उठून दिसतो. बोगीच्या बाजूच्या ओतीव चौकटींवर आणि चाकांवर निर्मितीचा महिना व साल असते, पण त्या तारखेला डब्याची जन्मतारीख मानणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक आहे. चाके झिजली की बदलत, आणि बोग्या एका डब्याखालून काढून दुसऱ्याखाली घालत. आसाच्या पेट्यांच्या झाकणांवर दुसऱ्याच रेल्वेची आद्याक्षरे आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. असा भाग डब्याचा जन्म सांगत नाही. त्या तारखेनंतर कधीतरी डबा कारखान्यात उचलला गेला होता एवढेच सांगतो.

ब्रेकची रचनाही बोलकी असते. जुन्या के ब्रेकमध्ये सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप बहुधा एकाच जोडणीत सलग बसवलेली असतात, तर 1933 पासून नव्या मालडब्यांना बंधनकारक झालेल्या एबी ब्रेकमध्ये हे तिन्ही भाग वेगवेगळ्या जागी असतात. लाकडी डब्याखाली एबी ब्रेक सापडला तर त्या डब्याची सेवा 1933 च्या सुमारास किंवा त्यानंतरही चालू होती हे सिद्ध होते. खिडक्यांच्या काचाही पाहाव्यात. दगडफेक आणि गोळीबार यांपासून संरक्षणासाठी 1980 च्या सुमारास कबूसच्या खिडक्यांना प्रमाणित काच बंधनकारक झाली, आणि त्या काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रमाणपत्राची खूण असते. खर्च टाळण्यासाठी अनेक रेल्वेंनी खिडक्याच पत्र्याने बंद केल्या. अशी काच किंवा असा पत्रा असलेला डबा अगदी शेवटपर्यंत कामात होता, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

एका खुणेचा मात्र सविस्तर उल्लेख केला पाहिजे, कारण ती अनेकांच्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही. 1967 साली अमेरिकी रेल्वेंनी डबे आपोआप ओळखण्यासाठी रंगीत पट्ट्यांची एक योजना स्वीकारली. रुळाशेजारचे यंत्र जाणाऱ्या डब्यावर प्रकाश टाकून त्या पट्ट्या वाचत असे. धुळीने आणि काजळीने पट्ट्या मळत आणि वाचन चुके, त्यामुळे साधारण दहा वर्षांत योजना सोडून देण्यात आली, पण पट्ट्या काढायला कुणी गेले नाही. डब्याच्या बाजूवर एक उभी अरुंद पाटी असते आणि तिच्यावर एकावर एक 13 खाने असतात. ती खालून वर वाचायची: पहिला खाना आरंभाचा, पुढचा डब्याच्या प्रकाराचा, त्यानंतरचे तीन मालक रेल्वेच्या संकेताचे, पुढचे सहा डब्याच्या क्रमांकाचे, आणि शेवटचे दोन समाप्तीचे व पडताळणीचे. लाल-नारिंगी, निळा, पांढरा आणि काळा या रंगांच्या जोड्यांनी प्रत्येक अंक ठरतो. गावाने तीन थर रंग दिला असला तरी ही पाटी बरेचदा त्याखाली उंचवट्याच्या रूपाने टिकलेली असते. ती सावकाश स्वच्छ केली आणि मालकाचे तीन व क्रमांकाचे सहा अंक वाचता आले, तर त्या काळातला क्रमांक आणि मालक दोन्ही एकाच जागी हाती लागतात. आमच्या डब्याचे कोडे अशाच पाटीने सुटले.

मूळ अक्षरे रंगाखाली शोधण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत डब्याला हात लागत नाही, म्हणून ती आधी करावी. रात्री विजेरी बाजूच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला की जुन्या अक्षरांच्या रंगाची जाडी सावली पाडते. लाकडी फळ्यांवर तर अक्षरांखालचे लाकूड उन्हापावसात कमी झिजलेले असते, त्यामुळे रंग पूर्ण उडाला असला तरी अक्षरे बोटांना लागतात. दुसऱ्या पद्धतीत कमी दिसणाऱ्या जागी रुपयाएवढा गोल भाग ओल्या पॉलिशकागदाने, जाड दाण्यापासून बारीक दाण्याकडे जात, उताराने घासतात. मग रंगाचे थर झाडाच्या वर्षवलयांप्रमाणे एकाभोवती एक दिसू लागतात. प्रत्येक थराचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे. जुन्या रंगात शिसे असते आणि शेगडीभोवतीच्या पत्र्यांत व वेष्टनांत ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून कोरडे घासू नये, योग्य दर्जाचा मुखवटा लावावा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि ॲस्बेस्टॉसची शंका येताच काम थांबवून जाणकारांना बोलवावे.

अक्षरे दिसू लागली की केवळ मोठ्या क्रमांकावर समाधान मानू नये. खालच्या कडेला बारीक अक्षरांत बीएलटी या संक्षेपापुढे बांधणीचा महिना व साल, वजनापुढे शेवटच्या तोलाची तारीख, आणि तोल केलेल्या कारखान्याचा संकेत लिहिलेला असतो. यातल्या शेवटच्या संकेतावरून डबा कोणत्या विभागात दुरुस्तीला जात असे ते कळते.

आकड्यावरून कागदांकडे

खरा क्रमांक मिळाला तरी तो बहुधा शेवटचा असतो, पहिला नव्हे. अमेरिकेतल्या रेल्वे एकमेकींत विलीन होत गेल्या आणि प्रत्येक विलीनीकरणात डब्यांना नवे आकडे मिळाले. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा एखादा कबूस 1968 साली पेन सेंट्रलचा झाला आणि 1976 साली कॉनरेलचा; ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक किंवा बर्लिंग्टनचा डबा 1970 साली बर्लिंग्टन नॉर्दर्नचा झाला. काही वेळा विलीनीकरण न होताही सगळी मालिका बदलली, जसे सांता फेच्या कबूसवर नंतरच्या काळात 999 ने सुरू होणारे सहा आकडी क्रमांक आले. म्हणून त्या रेल्वेच्या इतिहास मंडळाने तयार केलेली कबूसची यादी मिळवावी आणि तिच्यात नव्या क्रमांकापुढचा जुना क्रमांक शोधावा. बहुतेक मोठ्या रेल्वेंची अशी मंडळे आजही कार्यरत आहेत आणि त्यांतल्या जाणकारांना मोजमापे व छायाचित्रे पाठवली तर आस्थेने उत्तर येते. फक्त क्रमांक विचारला तर मात्र तेही अंदाजच करू शकतात.

वर्ग, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या डब्यांचा गट, ओळखता आला तर काम फार हलके होते. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा एन-5-सी हा वर्ग याचे उत्तम उदाहरण आहे. आल्टूना येथील कारखान्यात 1942 साली हे 200 डबे बांधले गेले, त्यांचे मूळ क्रमांक 477820 ते 478019 होते, आणि बाजूच्या खिडक्या जहाजाच्या खिडक्यांसारख्या गोल होत्या. अशी गोल खिडकी दिसली की वर्ग, कारखाना आणि साल एकदमच ठरतात, आणि शोध 200 डब्यांपुरता उरतो. त्यांपैकी काहींच्या छपरावर इंजिनाशी बोलण्याच्या यंत्रणेच्या दांड्या बसवल्या होत्या. दांड्या गेल्या असल्या तरी त्यांचे आधार राहिलेले असतात आणि ते त्या डब्याला उरलेल्यांपासून वेगळे काढतात. याउलट रेडिंग रेल्वेने 1920 च्या दशकात आणलेला पोलादी कबूसचा नमुना पूर्वेकडच्या अनेक रेल्वेंनी उचलला. तसा डबा असेल तर केवळ रूपावरून मालक ठरवता येत नाही आणि रंगाच्या थरांवरच विसंबावे लागते.

कागदांत शोधताना शब्दांची काळजी घ्यावी, कारण सगळ्या रेल्वे या डब्याला कबूस म्हणत नसत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या कागदांत तो केबिन कार आहे, बर्लिंग्टन आणि सांता फेच्या कागदांत वे कार, न्यू हेवनच्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी बगी, तर कॅनडात व्हॅन. सूचीत कबूस या शब्दाखाली काही मिळाले नाही म्हणून परत फिरलेले शोधक मी पाहिले आहेत.

मालडब्यांची अधिकृत नोंदवही 1885 पासून छापली जाऊ लागली आणि तिचे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. कबूस सहसा आपल्या रेल्वेबाहेर जात नसल्यामुळे तिच्यात त्याची माहिती तोकडी असते, पण एखाद्या साली कोणती मालिका अस्तित्वात होती याची पडताळणी तिच्यावरून होऊ शकते. त्याहून मोलाचे कागद म्हणजे रेल्वेच्या आतले खर्चमंजुरीचे अर्ज. नवा डबा बांधणे, तळचौकट बदलणे, डबा मोडीत काढणे, अशा प्रत्येक मोठ्या खर्चासाठी हा अर्ज भरला जाई, त्यात कारण लिहावे लागे आणि क्रमांकही. 1913 च्या मूल्यांकन कायद्यानुसार केंद्र सरकारने सर्व रेल्वेंच्या मालमत्तेची मोजदाद केली. ती दप्तरे मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 1920 च्या आधीच्या डब्यासाठी ती चाळण्याचे कष्ट जरूर घ्यावेत.

कोणत्या रेल्वेचे कागद कुठे आहेत याला एक नियम नाही. ग्रेट नॉर्दर्न आणि नॉर्दर्न पॅसिफिकचे सेंट पॉल येथे मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीत, बर्लिंग्टनचे शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात, सांता फेचे मोठ्या प्रमाणात टोपेका येथे कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटीत, तर पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे हॅगली ग्रंथालय, हॅरिसबर्गचे राज्य अभिलेखागार आणि आणखी काही संस्थांत विखुरलेले आहेत. पुलमन-स्टँडर्डने बांधलेल्या डब्याची रेखाचित्रे इलिनॉय रेल्वे म्युझियमच्या ग्रंथालयात मिळू शकतात. जाण्याआधी अभिलेखपालांना पत्र लिहून रेल्वे, वर्ग, क्रमांकांची मालिका आणि साधारण साल कळवावे. नेमके विचारले तर योग्य पेट्या तयार ठेवल्या जातात.

डब्यातली माणसे

पोलादाचा इतिहास लागल्यावर माणसांचा शोध घ्यावा, कारण कबूस इतर कोणत्याही मालडब्यापेक्षा माणसांचा होता. अनेक रेल्वेंवर पूर्वी एक कबूस एकाच कंडक्टरकडे वर्षानुवर्षे असे, आणि तो स्वतः पडदे लावी, कप्पे ठोकी, भिंतीला आवडीचा रंग देई. पुढे डबे सामाईक झाले तेव्हा हे संपले. म्हणून कपाटांची आतली बाजू, फळ्यांच्या खालचा भाग आणि कंडक्टरच्या मेजाचा खण विजेरी घेऊन पाहावा. पेन्सिलीने लिहिलेली नावे, तारखा, गाड्यांचे क्रमांक आणि कधी हिवाळ्यातल्या तापमानाच्या नोंदीही तिथे असतात. भिंतीचा तुटका पत्रा काढावा लागला तर त्यामागे घसरलेले कागद जपून बाहेर काढावेत. या जागांवर रंग देण्याचा आग्रह कुणी धरला तर तो ठामपणे नाकारावा.

मिळालेले नाव रेल्वेच्या सेवाज्येष्ठतेच्या यादीत आणि कर्मचारी मासिकात पाहावे, आणि त्या विभागाच्या कर्मचारी वेळापत्रकावरून तो कोणत्या मार्गावर चालत असेल याचा माग काढावा. गावात निवृत्त रेल्वेकर्मचारी असतील तर त्यांना डब्यातच बसवून बोलते करावे. कुठे बसायचे, दिवा कुठे टांगायचा, गाडीला झटका बसला की कशाला धरायचे, हे त्यांचे हात शब्दांआधी दाखवतात, आणि त्यातून आतल्या रिकाम्या खिळ्यांचा व खाचांचा अर्थ लागतो. त्यांनी सांगितलेले क्रमांक आणि साले मात्र कागदाशी ताडून पाहावीत. शक्यतो ही भेट आधी घ्यावी. अभिलेखागारातले कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील, या मंडळींबाबत तसे म्हणता येत नाही.

नोंद लिहिणे

शेवटी लिहिताना प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार द्यावा: हे तुळईवर ठोकलेले आहे, हे रंगाच्या चौथ्या थरात दिसले, हे विक्रीपत्रात आहे, हे अमुक एका निवृत्त ब्रेकमनने सांगितले. दोन साक्षी जुळत नसतील तर दोन्ही तशाच नोंदवाव्यात आणि आपल्याला कोणती खरी वाटते व का, ते स्वतंत्रपणे लिहावे. काढलेला प्रत्येक खिळा, पट्टी आणि पाटी क्रमांक घालून ठेवावी. पुन्हा रंगवण्याची वेळ आली तर कोणत्या सालातले रूप द्यायचे हे आधी ठरवावे आणि त्या सालात डब्यावर असलेलाच क्रमांक लिहावा. रंगाच्या थरांचा निदान एक चौकोन न झाकता तसाच सोडावा. सगळ्या कागदांची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात, एक त्या रेल्वेच्या इतिहास मंडळाकडे, आणि एक जलरोधक पाकिटात कबूसमधल्या कंडक्टरच्या मेजाच्या खणात ठेवावी.